खाडीकाठचा उंच नेचा



नेचा म्हटला की विहिरीच्या भिंतीतली वीतभर नाजूक पाने आठवतात. पण कोकणच्या खाड्यांत, भरतीचे पाणी शिरते त्या चिखलात, माणसाहून उंच वाढणारा नेचा आहे. त्याची प्रजाती ॲक्रोस्टिकम. लिनियसने १७५३ साली नोंदलेली.

मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना चामड्यासारखी जाड, लांबट दले असतात. एक दल उजेडासमोर धरा, शिरांची बारीक जाळी दिसेल. खरी खूण मात्र पाठीवर. बहुतेक नेच्यांत बीजाणूंचे ठिपके किंवा रेघा असतात. येथे दलाची सबंध पाठच तपकिरी मखमलीने भरून जाते. पाहणाऱ्याला वाटावे, तांबेरा पडला!

आपल्याकडच्या ऑरियम जातीत अशी दले पर्णाच्या शेंड्याकडेच असतात. अमेरिकेतील डॅनिफोलियममध्ये बीजाणू धरणाऱ्या पर्णाची सारीच दले तशी. स्पेसिओसम ही तिसरी जात. तिच्या दलांची टोके निमुळती, ऑरियमची बोथट.

एवढे बारकावे कशाला, असे कोणी विचारील. कांदळवन तोडले की मोकळ्या चिखलात हाच नेचा दाट माजतो आणि त्याच्या गर्दीत तिवराची, कांदळाची रोपे सहजी वर येत नाहीत. लांबून सारे हिरवेच दिसते. तेव्हा पालकहो, ओहोटीच्या वेळी मुलांना घेऊन खाडीवर जा. त्यांना पान उलटून पाहू द्या, आणि शेजारी तिवराची रोपे किती, तीही मोजू द्या.