विद्युत्-पाटीचा आराखडा आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात फुलसावंगी येथे केलेले भाषण)



या गावी यंत्रविद्येविषयी बोलावयाचे म्हणजे ऑगस्ट २०२१ ची आठवण टाळता येत नाही. आठवीपर्यंत शिकलेल्या येथील एका तरुण कारागिराने चित्रफिती पाहून हेलिकॉप्टर उभे केले, आणि चाचणीच्या वेळी पाते तुटून त्यातच त्याचा अंत झाला. तो कोणत्या ज्ञातीचा हे गौण आहे. चूक आधीच पकडण्याचे साधन त्याच्या हाती असते तर, हा विचार आम्हांस सोडीत नाही.

हेलिकॉप्टर दूर राहो. मोटारपंपाच्या ऑटो-स्टार्टरमधील पाटी घ्या. ती जळाली की आपण बदलून आणतो. ती कोणीतरी आखलेली असते, हे मनातही येत नाही. असे आराखडे करणारी संगणक-प्रणाली एकेकाळी कारखान्यांनाच परवडे. १९९२ साली फ्रान्समधील ज्याँ-पिएर शारास यांनी ‘कीकॅड’ लिहावयास घेतले. पुढे सर्न या संशोधनसंस्थेने त्यास हातभार लावला. ते विनामूल्य आहे. मुंबईच्या आय. आय. टी.ने त्याच्याच आधारे ‘ईसिम’ सिद्ध केले. त्यात तांब्याला हात लावण्यापूर्वीच मंडल कसे चालेल हे पडद्यावर पाहता येते.

परंतु फुकट मिळणे निराळे व उमगणे निराळे. नवशिका अडतो तो एका जागी: आकृतीतील चिन्ह आणि पाटीवरील त्या भागाची जागा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सातबाऱ्यावरील नोंद आणि प्रत्यक्ष मोजणी यांत जो भेद, तोच हा. आमच्या पहिल्या पाटीत रिलेचे पाय छिद्रांत बसेनात. तपासणीच्या आज्ञेने तर ‘दोष नाही’ म्हणून सांगितले होते! बिचारी तारांची जुळणी व अंतरे पाहते. दुकानातून आणलेला रिले तिला कोठून ठाऊक असणार? तेव्हापासून आम्ही आराखडा मूळ मापात कागदावर छापतो व एकेक भाग त्यावर ठेवून पाहतो.

आय. आय. टी.च्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाचे धडे साधारण दहा मिनिटांचे असतात, आणि त्यांतील अनेक मराठीतही ऐकावयास मिळतात. मात्र धडा, संगणक व मूल ही तिन्ही एका खोलीत आली पाहिजेत. मंडळ दरवर्षी गुणवंतांस चषक देते. यंदा त्या रकमेतून एक साधा संगणक व दोन सोल्डरिंगच्या इस्त्र्या घ्याव्यात, खोली दर रविवारी उघडी ठेवावी, आणि आठवीत शाळा सोडलेल्यासही तेथे प्रवेश असावा, अशी सूचना आम्ही सभेपुढे ठेवीत आहोत.