कृपादानांची ओळख

ख्रिस्ती मंडळींत 'कृपादान' हा शब्द वारंवार कानांवर पडतो. परंतु त्याचा अर्थ विचारला असतां बहुतेकांच्या मनापुढें उपदेशपीठावरचा वक्ता, नाहीं तर रोग्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करणारा एखादा साधुपुरुष उभा राहतो. बाकीच्यांनीं बांकांवर बसून ऐकावें, वर्गणी द्यावी आणि घरीं जावें, अशी समजूत नकळत रूढ होते. नव्या करारांतील शिकवण मात्र याच्या अगदीं उलट आहे.

मूळ ग्रीक भाषेंतील शब्द 'कॅरिस्मा' असा असून तो 'कॅरिस' म्हणजे कृपा या शब्दाशीं जोडलेला आहे. जें स्वतः कमावलें नाहीं आणि ज्यावर हक्क सांगतां येत नाहीं, असें देवाकडून मिळालेलें दान, तें कृपादान. अर्थात् त्याचा अभिमान बाळगण्यास जागा नाहीं, आणि तें आपल्याला मुळींच मिळालें नाहीं असें म्हणण्यासही जागा नाहीं. कारण पौल आणि पेत्र या दोघांच्याही शिकवणीप्रमाणें प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या वांट्याला कांहीं ना कांहीं आलेलेंच आहे.

या विषयाचें सविस्तर विवेचन एका भांडणांतून निघालें. ग्रीस देशांतील करिंथ हें त्या काळचें गजबजलेलें व्यापारी शहर. तेथील लहानशा मंडळींत अन्य भाषांमध्यें बोलण्याचें दान ज्यांस लाभलें होतें, ते स्वतःस श्रेष्ठ मानूं लागले. इसवी सन ५५ च्या सुमारास पौलानें त्यांस लिहिलेल्या पत्रांत शरीराचा दृष्टांत घातला आहे. डोळा हाताला अनावश्यक ठरवूं शकत नाहीं, आणि पाय हात नाहीं म्हणून शरीराबाहेरचा होत नाहीं. त्याच पत्रांत त्यानें जी यादी दिली आहे, तींत आरोग्य देण्याच्या व चमत्कारांच्या दानांबरोबर साहाय्य करणें आणि व्यवस्था पाहणें हींही दानें आहेत. रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत सेवा, शिक्षण, औदार्य आणि दया यांची भर पडली आहे. दोन्ही याद्या सारख्या नाहींत. यावरून कोणतीही यादी पुरी नव्हे, हें उघड होतें. कसोटी मात्र दोन्हीकडे एकच आहे. ज्यानें मंडळीची उन्नति होते तें दान खरें. आणि प्रीतीवांचून कोणतेंही दान व्यर्थ होय.

आतां प्रश्न असा कीं, आपलें दान मनुष्यानें ओळखावें कसें? पुष्कळजण एकांतांत बसून अंतःकरण चाचपडतात आणि निराश होऊन उठतात. शोधाची दिशाच तेथें चुकलेली असते. यापो गांवची तबिथा हिचें उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांत आलें आहे. ती वारली तेव्हां तिनें शिवून दिलेलीं वस्त्रें विधवांनीं रडत रडत पेत्राला दाखविलीं. तिनें केलेलें एकही भाषण कोणीं नोंदलेलें नाहीं. विधवांना वस्त्रांची उणीव होती आणि तिच्या हातीं सुई होती. एवढ्यावरून तिचें कार्य ठरलें. समोरची गरज आणि हातांतील सामर्थ्य जेथें एकत्र येतात, तेथें प्रथम पाहावें.

स्वाभाविक गुण आणि कृपादान हीं एक नव्हेत, असा भेद कांहीं आचार्य करतात, आणि तो निराधार नाहीं. तथापि पूर्वींचाच गुण देवाच्या हातीं दिल्यावर त्याचें कृपादान होतें, याचीं उदाहरणें महाराष्ट्रांतच आहेत. पंडिता रमाबाईंचें बालपण आईबापांबरोबर तीर्थयात्रा करीत व पुराण सांगत गेलें. संस्कृताच्या व्यासंगामुळें १८७८ मध्यें कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांचा गौरव केला. १८८३ मध्यें इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला, परंतु ही विद्या त्यांनीं टाकून दिली नाहीं. केडगांवच्या मुक्तिसदनांतील अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल असें बायबल हवें, या गरजेपायीं त्यांनीं हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि वर्षानुवर्षें खपून सर्व पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. त्याची छपाई तेथील स्त्रियांच्याच हातून झाली. १९२२ मध्यें रमाबाई निवर्तल्या, तोंपर्यंत हें काम त्यांनीं सोडलें नव्हतें. कृपादान मिळालें म्हणून श्रम वांचतात, असा समज असणाऱ्यांनीं हें अवश्य लक्षांत घ्यावें.

नारायण वामन टिळक हे १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेण्यापूर्वींपासूनच कवि होते. त्या काळीं मराठी ख्रिस्ती उपासनेंतील पुष्कळशीं गीतें इंग्रजी चालींवर बसविलेलीं असत. शब्द मराठी, पण कंठाला परकीं. नवा धर्म स्वीकारला म्हणजे अभंग, ओंवी आणि कीर्तन हीं मागें ठेवावयाचीं, असें कोणास वाटणें अस्वाभाविक नव्हतें. टिळकांनीं तसें मानलें नाहीं. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशीं आलों, असें ते सांगत. आणि त्याच वळणाची रचना त्यांनीं मंडळीच्या हातीं दिली. तीं भजनें मराठी ख्रिस्ती उपासनेंत आजही गाइलीं जातात.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपलें दान मनुष्यास स्वतःस बहुधा दिसत नाहीं. तें दुसऱ्यानें दाखवावें लागतें. पौलाला तार्सहून शोधून अंत्युखियाच्या मंडळींत आणणारा बर्णबा नसता, तर त्याचें कार्य कोठें आणि कधीं बहरलें असतें, कोण सांगेल? टिळकांच्या घरींही असेंच घडलें. लक्ष्मीबाई टिळक शाळेंत गेलेल्या नव्हत्या. त्यांना अक्षरओळख झाली ती पतीकडून, आणि तीही संसाराच्या ओढाताणींत. पतीच्या धर्मांतरानंतर कांहीं वर्षें ताटातूट झाली; मनाचा दीर्घ झगडा झाल्यावर त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्यें टिळक वारले. पुढें पुत्रानें वडिलांच्या आठवणी लिहून काढण्याचा आग्रह धरला, आणि साठी उलटत आलेल्या या बाई लिहूं लागल्या. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेलीं 'स्मृतिचित्रें' हीं मराठींतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणलीं जातात. पतीनें अपुरें ठेवलेलें 'ख्रिस्तायन' हें काव्यही त्यांनींच पुढें नेलें. घरांतील कोणींच त्यांना लिहावयास सांगितलें नसतें, तर एक साधी, थट्टेखोर, प्रेमळ गृहिणी एवढीच त्यांची ओळख आप्तेष्टांत राहिली असती. आणि आपण कांहीं गमावलें, हें मराठी वाचकांस कळलेंही नसतें.

अशा किती लक्ष्मीबाई प्रत्येक मंडळींत मागच्या बांकावर बसल्या असतील! प्रभूच्या दृष्टांतांतील तिसऱ्या चाकरानें भीतीपोटीं आपलें द्रव्य जमिनींत पुरलें, म्हणून त्याला दोष लागला. परंतु ज्याला कोणीं कधीं विचारलेंच नाहीं, त्याच्या पुरलेल्या द्रव्याचा दोष सगळा त्याच्याच माथीं मारतां येईल काय? पाळक आणि वडीलजन यांच्याकडेही त्याचा वांटा जातोच.

म्हणून या शोधाचा आरंभ मंडळीनें करावयाचा आहे, आणि तो अवघडही नाहीं. रुग्णाच्या उशाशीं बसल्यावर कोणाच्या बोलण्यानें त्याला धीर येतो, रुसलेलीं दोन घरें कोणाच्या मध्यस्थीनें पुन्हा बोलूं लागतात, रविवारच्या शाळेंतील व्रात्य मुलें कोणापुढें मुकाट्यानें बसतात, कोणाच्या हातचा हिशोब चोख असतो, हें वडीलजनांनीं पाहावें. मग त्या व्यक्तीला बोलावून तिच्यांत जें दिसलें तें स्पष्ट सांगावें, आणि एखादें लहान काम तिच्यावर सोंपवावें. काम जमलें तर मोठें द्यावें. न जमलें तर न रागावतां दुसरें पाहावें. ज्याला बोलावणें आलें, त्यानेंही विनयाच्या नांवाखालीं अंग चोरूं नये. पाहुण्याला पाणी देण्यापासून शास्त्राचा अर्थ सांगण्यापर्यंत जें कांहीं त्याच्या हातीं पडेल, तें त्यानें दुसऱ्यासाठींच मिळालेलें आहे असें समजून करावें.