दुरुस्तीच्या टेबलामागचा ताण



कोल्हापूर जिल्ह्यातला चंदगड तालुका मुसळधार पावसाचा. पावसाळ्यात हवेत ओल असते, वीज मध्येच जाते आणि येते तेव्हा दाब वरखाली होतो. त्याचा फटका संगणकाच्या पॉवर सप्लायला आणि मदरबोर्डला बसतो. नेमके याच दिवसांत कॉलेज प्रवेशाचे, पीकविम्याचे अर्ज ऑनलाइन भरायचे असतात. मुदत संपत आलेली, म्हणून प्रत्येकाला यंत्र आजच हवे असते.

दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात मात्र सगळे नसते. सुटा भाग गावात मिळाला नाही, तर बेळगाव किंवा कोल्हापूरहून मागवावा लागतो. खरे कौशल्य लागते आणि वेळ जातो तो बिघाड शोधण्यात. गिऱ्हाइकाला दिसतो फक्त बदललेला पार्ट, म्हणून मजुरीवर घासाघीस होते. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित मोफत सपोर्ट थांबला. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, हे समजावण्याची जबाबदारीही दुरुस्ती करणाऱ्यावरच पडते. सर्वांत मोठी जोखीम डेटाची. हार्ड डिस्क नवी मिळते, तिच्यातले फोटो आणि हिशेब परत मिळतीलच असे नाही.

म्हणून महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग काढा. लॅपटॉपवर पाणी सांडले तर तो लगेच बंद करा, पुन्हा सुरू करून पाहू नका. दुकानात बिघाड कसा झाला ते खरे सांगा, अंदाजे खर्च आधी लिहून घ्या आणि तपासणीची मजुरी आनंदाने द्या. ती कष्टाची आहे.