ड्वोर्झाकचा चेलो



प्राचार्यांनी मला आवडत्या संगीतावर बोलायला सांगितलं आहे. युरोपातल्या रोमँटिक काळातले शूबर्ट, शूमान, ब्राम्स मला सगळेच प्रिय. पण एकच रचना सांगा म्हणाल, तर अंतोनिन ड्वोर्झाकचा चेलो कॉन्चेर्टो, म्हणजे एकटा चेलो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली रचना.

ड्वोर्झाक हा बोहेमियातल्या खेड्यातल्या खाटकाचा मुलगा. 1892 मध्ये तो न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा संचालक झाला. चेलोवर त्याचा फारसा भरवसा नव्हता. वरचे सूर नाकातले आणि खालचे गुरगुरणारे, असं तो म्हणे. 1894 मध्ये सहकारी व्हिक्टर हर्बर्टचा नवा चेलो कॉन्चेर्टो त्याने ऐकला आणि त्याच वर्षी तो स्वतः लिहायला बसला.

लिहिता लिहिता बातमी आली, मेहुणी जोसेफिना आजारी आहे. तरुणपणी त्याचा जीव तिच्यावर जडला होता. लग्न झालं ते तिच्या धाकट्या बहिणीशी. त्याचं एक गाणं जोसेफिनाच्या फार आवडीचं. ते त्याने दुसऱ्या भागात गुंफलं. फेब्रुवारी 1895 मध्ये रचना पुरी झाली, तो मायदेशी परतला आणि मे महिन्यात जोसेफिना गेली. मग त्याने शेवट नव्याने लिहिला. धावतं संगीत तिथे हळूहळू निवत जातं आणि तिचं गाणं एकट्या व्हायोलिनवर परत येतं. कितीही वेळा ऐकलं तरी त्या जागी माझा गळा दाटतो.

ही रचना त्याने आपला मित्र, चेलोवादक हानुश विहान याला अर्पण केली. विहानने शेवटाकडे कॅडेन्झा घातला. कॅडेन्झात वाद्यवृंद थांबतो आणि एकटा वादक आपली तयारी दाखवतो. म्हणजे हमखास टाळीची जागा. ड्वोर्झाकने ठाम नकार दिला आणि रचना मी लिहिली तशीच छापा, असं प्रकाशकाला बजावलं. टाळी घेण्यासाठी ती जागा नव्हतीच. मार्च 1896 मध्ये लंडनला पहिला प्रयोग झाला, तेव्हा चेलोवर लिओ स्टर्न होता आणि संचालन स्वतः ड्वोर्झाकचं.

मुलांनो, एखाद्या सुट्टीच्या दिवशी चाळीस मिनिटं काढा आणि हा कॉन्चेर्टो सलग ऐका. सुरुवातीची तीनेक मिनिटं चेलो वाजतच नाही. तेवढा धीर धरा, रेकॉर्डिंग पुढे सरकवू नका.