श्वासाचे मोजमाप
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



कोणत्याही जुन्या मराठी वाचनालयात आरोग्यविषयक पुस्तकांचे एक कपाट असते आणि कादंबऱ्यांच्या खालोखाल हात लागतो तो त्यालाच. आसने, प्राणायाम, जलोपचार, उपवास, घरगुती औषधे असे सारे विषय तेथे एका रांगेत उभे असतात. या पुस्तकांपैकी कित्येकांत 'नैसर्गिक' म्हणजे 'निर्धोक' असे गृहीतच धरलेले असते. ते गृहीत कितपत खरे, हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. त्याच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद करणारे रुग्ण घरोघर सापडतात. या प्रश्नाचा सर्वांत प्रामाणिक शोध ज्याने घेतला, तो पुरुष योगाचा टीकाकार नव्हता. तो योगाचाच निःसीम उपासक होता, आणि त्याची जडणघडण बडोद्याच्या मातीत झाली होती.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. घरची गरिबी होती. परंतु १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतासाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. बडोदे कॉलेजात शिकत असताना अरविंदबाबू घोष आणि लोकमान्य टिळक यांच्या विचारांचा प्रभाव त्यांच्यावर पडला. १९०७ ते १९१० या काळात जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न प्रा. माणिकराव यांच्या हाताखाली त्यांनी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. बडोद्याची ती तालीम म्हणजे केवळ जोर-बैठकांची जागा नव्हती. शरीराचा पद्धतशीर विचार करण्याची सवय तेथे लागे. पुढे याच नगरीत द. चिं. मजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीतून सिद्ध केले, ही गोष्ट योगायोगाची म्हणता येत नाही.

१९१९ साली नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी महाराजांची भेट झाली आणि गुणे यांना योगविद्येचा प्रत्यक्ष मार्ग सापडला. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. गुरूंवर त्यांची श्रद्धा अढळ होती. तथापि जे शिकविले गेले ते शरीरात कसे घडते, हे विचारल्यावाचून त्यांना राहवेना. श्रद्धा आणि जिज्ञासा एकाच देहात नांदू शकतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच.

१९२०-२१ साली त्यांनी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आपल्या काही विद्यार्थ्यांना नेले आणि उड्डियान व नौली या क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी केली. नौलीत पोटाचे उभे स्नायू आकुंचित होऊन मध्यभागी दोरखंडासारखे उभे राहतात, हे पाहणाऱ्याला दिसतेच. आत काय होते, हे मात्र दिसत नाही. जुनी बस्तीक्रिया करणारा साधक पाण्यात बसून आतड्यात पाणी ओढून घेतो. हे पाणी वर चढते कसे, याचे परंपरागत उत्तर 'अपानवायूच्या बळाने' असे होते. कुवलयानंदांनी दाबमापकाची नळी जोडून पाहिले, तेव्हा नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, असे आढळले. पाणी चढते ते या अंशतः निर्वाततेमुळे. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला की पाणी आत शिरते, त्याच न्यायाने. या निर्वाततेला त्यांनी गुरूंचे नाव दिले. क्रिया खरी ठरली. तिचे जुने स्पष्टीकरण मात्र बाजूला ठेवावे लागले. गुरूंच्या नावानेच ते बाजूला ठेवले गेले, यातील औचित्य लक्षात घेण्याजोगे आहे.

१९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. त्यात एका बाजूला प्रयोगांचे कोष्टक आणि दुसऱ्या बाजूला साधनेची माहिती असे. गांधीजींनीही १९२७ साली प्रकृतीच्या तक्रारींसाठी त्यांचा सल्ला घेतला होता.

या साऱ्या कार्यात सर्वांत मोलाचा निष्कर्ष कोणता, असे विचारल्यास प्राणायामाविषयीचा सांगावा लागेल. प्राणायामाने शरीरास अधिक प्राणवायू मिळतो, म्हणून तो आरोग्यदायी, ही समजूत त्या काळी सार्वत्रिक होती आणि आजही व्याख्यानांतून ती मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली जाते. आत जाणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेचे मोजमाप केल्यावर कुवलयानंदांना ती टिकेना. कुंभकयुक्त प्राणायामात प्राणवायूचे शोषण नेहमीच्या श्वसनापेक्षा अधिक होते, असे म्हणता येत नाही, हे त्यांनी लिहून प्रसिद्ध केले. प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या हिशेबात नाही, ते शरीरांतर्गत दाबांतील बदलांत आणि मज्जासंस्थेला मिळणाऱ्या शिस्तीत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याच पक्षाचा सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद असा स्वतःच्या हाताने मोडणे सोपे नसते. शिष्यांना आणि आश्रयदात्यांना तो प्रिय असताना तर मुळीच नाही.

आजच्या शरीरशास्त्राने या निष्कर्षाला दुजोराच दिला आहे. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असतानाही त्याच्या धमन्यांतील रक्तातले हिमोग्लोबिन ९५ टक्क्यांहून अधिक प्राणवायूने भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी ओतून काय साधणार? सावकाश श्वसनाचा लाभ वेगळ्या वाटेने होतो. मिनिटास साधारण सहा श्वास या गतीने श्वसन केले असता रक्तदाबाचे नियमन करणारा मज्जातंतूंचा प्रतिक्षेप अधिक तत्पर होतो आणि हृदयाची गती श्वासाशी लयीत येते. नियमित अभ्यासाने वाढलेला रक्तदाब काहीसा उतरतो, असेही अनेक पाहण्यांत आढळले आहे. हे 'काहीसा' फार महत्त्वाचे आहे. त्याने औषधाला साथ मिळते, औषधाची जागा भरून निघत नाही. गोळी कमी करावयाची की नाही, हे रक्तदाब मोजून वैद्याने ठरवावयाचे असते. स्वतःला हलके वाटते, एवढ्यावरून ते ठरत नाही, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही.

चमत्कारांच्या बाबतीतही हाच अनुभव आला. १९५७ साली वेंगर आणि बागची हे शास्त्रज्ञ अमेरिकेहून भारतात आले आणि योग्यांची तपासणी करीत फिरले. डॉ. आनंद यांच्यासह १९६१ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. हृदय इच्छेनुसार थांबविता येते, असे सांगणाऱ्या साधकांची नाडी हाताला लागेनाशी होई, हे खरे. परंतु विद्युत्-आलेखावर हृदय चालूच असल्याचे दिसे. श्वास रोखून आणि स्नायू ताणून छातीतील दाब वाढविल्याने तो परिणाम होत असे. योगाचे यात काही कमी झाले नाही. कमी झाली ती जत्रेतली मिळकत.

आता नित्याच्या उपयोगाच्या दोन-चार गोष्टी. वाग्भटाने व्यायाम आपल्या अर्ध्या शक्तीने करावा, असे सांगितले आहे. बैठकांचे आकडे मोठ्याने मोजणाऱ्या आखाड्यांनी हे वचन सोयीस्करपणे विसरले असले, तरी पन्नाशीनंतर व्यायाम सुरू करणाऱ्यास याहून चांगला सल्ला मिळणे कठीण. उड्डियान आणि नौली या क्रिया गर्भवती स्त्रिया, अंतर्गळ किंवा पोटातील व्रण असलेले रुग्ण आणि रक्तदाब चढा असणारे यांच्यासाठी नाहीत. जलनेती करावयाची तर पाणी उकळून निवविलेले असावे. नळाच्या वा विहिरीच्या अशुद्ध पाण्यातून नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचणारा एक अमीबा क्वचित आढळतो, परंतु जडला तर तो बहुधा प्राणघातक ठरतो. जुन्या पुस्तकांत ही सूचना सापडणार नाही, कारण तेव्हा हे ठाऊकच नव्हते.

शीर्षासनासंबंधी मात्र उलट स्थिती आहे. कुवलयानंदांनी 'आसने' या आपल्या पुस्तकातच सावधगिरीचा इशारा दिलेला आहे: ज्यांचे कान वाहतात, डोळ्यांच्या केशवाहिन्या दुर्बल आहेत किंवा हृदय अशक्त आहे, त्यांनी शरीर उलटे करणाऱ्या आसनांच्या वाटेस जाऊ नये. शीर्षासनात डोळ्यातील दाब बराच वाढतो आणि काचबिंदूच्या रुग्णास तो अपायकारक ठरू शकतो, हे नंतरच्या मोजमापांनी दाखवून दिले. वाचनालयातील प्रती वारंवार हाताळल्याने आसनांची चित्रे असलेली पाने सुटी होतात, बांधणाऱ्याकडे जातात आणि परत येतात. सूचनांची पाने बहुतेक प्रतींत अजून कोरी करकरीत आहेत.