स्वल्पविराम आणि मजुरी



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत झाले. संगणकाची आज्ञावली लिहायला मी पन्नाशीनंतर शिकलो, तेही हौसेने नव्हे, गरजेने. ती गरज आधी सांगतो.

एका कारखान्यात ओव्हरटाइमच्या थकबाकीची यादी निघाली. ज्यांचे येणे हजाराच्या आत, त्यांचे आकडे बरोबर होते. पण ज्याचे येणे १२,४५० रुपये, त्याच्या नावापुढे १२ रुपये लागले आणि ४५० शेजारी कपातीच्या रकान्यात जाऊन बसले! ज्याने जास्त राबावे त्यानेच अधिक बुडावे, असा हा न्याय. साहेब म्हणाले, "हिशेब यंत्राने काढला आहे." मी विचारले, "यंत्राला सांगितले कोणी?"

घडले ते असे. अशा याद्या साध्या मजकुराच्या रूपाने पाठवतात. एका कामगाराची एक ओळ, आणि दोन रकान्यांच्या मध्ये एक स्वल्पविराम. वाचणाऱ्या आज्ञावलीला सांगितले होते, स्वल्पविराम दिसला की तोड. तिने इमानाने तोडले. हजार दाखवणारा स्वल्पविराम निराळा, हे तिला कोण सांगणार? १,२५,००० या आकड्याचे तर ती तीन तुकडे करील.

यावर उपाय आहे. रक्कम स्वल्पविराम न घालता लिहावी. ज्या मजकुरात तो हवाच, तो दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा. आत अवतरणचिन्ह आले तर ते दोनदा लिहावे. हा प्रघात २००५ साली 'आरएफसी ४१८०' या टिपणात नोंदला गेला. पायथॉन भाषेतली 'स्प्लिट' ही सूचना अवतरण जाणत नाही, नुसती तोडते. त्याच भाषेतला 'सीएसव्ही' हा विभाग ते ओळखून तोडतो. जर्मनीत दशांशासाठीच स्वल्पविराम वापरतात, म्हणून तिकडे रकाने अर्धविरामाने तोडण्याची चाल आहे.

आणखी एक. दोन स्वल्पविराम लागोपाठ आले, तर मधली जागा रिकामी आहे, नाहीशी झालेली नाही. ती गाळली की मागचे सारे आकडे एकेक घर पुढे सरकतात. कामगार एक दिवस गैरहजर राहिला, म्हणून हजेरीपटावरचा त्याचा रकाना आपण पुसून टाकतो काय?

मित्रहो, विभाजक चिन्ह हा लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातला करार आहे. करार एकाने एक समजून लिहिला आणि दुसऱ्याने दुसरेच समजून वाचला, तर नुकसान तिसऱ्याचे होते. आणि तो तिसरा बहुधा मजूर असतो.

त्या कारखान्यात आम्ही मूळ ओळी समोर ठेवल्या आणि यादी दुरुस्त करून घेतली. तेव्हापासून आमचा नियम ठरला आहे. यादी हाती आली की प्रथम प्रत्येक ओळीतले रकाने मोजायचे. सहा हवेत आणि सात निघाले, तर सही नाही. मोजायला पदवी लागत नाही.