हर्णैच्या किनाऱ्यावरून



आमच्या बचत गटाच्या आम्ही बारा जणी यंदा कोकणात जाऊन आलो. परभणीहून रेल्वेनं पुणं, पुढं एस.टी.नं दापोली. तिथलं कृषी विद्यापीठ बघायचं होतं. आपल्या परभणीचं आणि दापोलीचं, दोन्ही विद्यापीठं १९७२ सालचीच, बरं का! तिथून हर्णै बंदर जवळ, म्हणून तिकडंही गेलो.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग किल्ला. होड्या किनाऱ्याला लागल्या की वाळूतच मासळीचा लिलाव सुरू होतो. तिथल्या बायका काय झटपट भाव करतात! आमच्यातल्या कितीतरी जणींनी तर समुद्रच पहिल्यांदा पाहिला.

या किनाऱ्याची एक जुनी गोष्ट सांगायची आहे. १८२३ साली सातासमुद्रापलीकडच्या स्कॉटलंड देशातून मिशनरी इकडं आले. बाणकोट, हर्णै या भागात त्यांनी शाळा काढल्या. पुढं १८२९ साली जॉन आणि मार्गारेट विल्सन हे नवरा-बायको मुंबईला आले. कामाला लागण्याआधी ते याच भागात राहिले, कशासाठी? तर मराठी शिकण्यासाठी. मग मुंबईला जाऊन मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ साली त्या तिथंच वारल्या.

ही मंडळी आपला धर्म सांगायला आली होती, हे खरंच आहे. पण त्यांच्या शाळांमधून आपल्या लोकांनी आपल्या कामाचं ते घेतलं. जोतिबा फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४८ साली जोतिबा-सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली.

त्या रात्री मुक्कामावर हाच विषय निघाला. आमच्या बारा जणींत चौघी अजून अंगठा उठवतात. कर्जाचा कागद पुढं येतो, त्यात रक्कम किती, व्याज किती, हे दुसऱ्यानं सांगायचं आणि आपण मान डोलवायची. फेडायचं मात्र आपणच! एकीनं म्हटलं, "आता या वयात काय शिकायचं?" दुसरी म्हणाली, "अगं, ती परदेशातली बाई मोठेपणी आपली अक्षरं शिकली. आपली तर बोलीच मराठी, नुसती अक्षरंच तेवढी गिरवायचीत."

गावी आल्यावर आम्ही ठरवलं, दर बैठकीत आधी पंधरा मिनिटं पाटी-पेन्सिल. पहिल्यांदा स्वतःचं नाव, मग आकडे, मग पासबुक वाचणं. हप्ता गोळा करायचा तो त्यानंतर. चौघींपैकी दोघी आता सही करतात. एकीनं तर बँकेत पासबुकातली शिल्लक स्वतः वाचली आणि दोनदा मोठ्यानं सांगितली.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात अंगठा उठवणाऱ्या किती जणी आहेत? येत्या बैठकीत मोजा. आणि एक पाटी घेऊन जा.